पाठमोऱ्याच्या मागचा आवाज

पाठमोऱ्याचा चेहरा आठवायला मला आजही क्षणभर थांबावं लागतं. पाठ मात्र लगेच आठवते. बिबवेवाडीतल्या पालिकेच्या मैदानावर नऊ वर्षं आम्ही एका संघात फुटबॉल खेळलो. तो मधल्या फळीत, मी त्याच्या मागे बचावात. त्यामुळे तो मला दिसला तो असाच: उजवा खांदा किंचित खाली, मान ताठ, आणि मान वळवायची वेळ आली तरी ताठच. खेळताना त्याने कधी मागे वळून बघितलं नाही, म्हणून तो पाठमोऱ्या. रस्त्यावरसुद्धा मागून स्कूटर आली तर हा न बघता दोन पावलं बाजूला व्हायचा, आणि स्कूटरवाल्यालाच दचकायला व्हायचं.

“बघितलं की उशीर होतो,” हे त्याचं आवडतं वाक्य. आमचे सर त्यावर म्हणायचे, “बरोबर आहे, बघायचं काम प्रेक्षकांचं. ते आपल्याला तीनच आहेत, त्यातला एक कुल्फीवाला.” पण सरांनाही ठाऊक होतं, की हा मुलगा वेगळा आहे. पाठीला डोळे असल्यासारखा खेळतो, असं इतर संघांतली पोरं म्हणत. डोळे नव्हते. माझा आवाज होता.

मैदानावर ‘मागे’ म्हणजे ‘तुझ्या पाठीवर माणूस आलाय’. कॅम्पातली पोरं हेच इंग्रजीत ओरडायची, आम्हाला एवढा एक शब्द पुरे व्हायचा. मी त्यातला ‘गे’ जरा लांबवायचो, काही कारण नाही, सवयच तशी. माझ्या तोंडून शब्द सुटायचा आणि पाठमोऱ्या चेंडूसकट भलत्याच बाजूला गेलेला असायचा. मागून आलेला गडी हवेत लाथ मारून बसायचा. “अव्या, मागचं बघायला तू आहेस, मग मी कशाला मान मोडून घेऊ?” असं तो म्हणायचा. एखाद्याने आपल्यावर इतका विश्वास टाकावा, याचा मला तेव्हा फार अभिमान वाटे.

तो पुढे गेला आणि मी बुधवार पेठेत गेलो. म्हणजे तो आधी गोव्याच्या एका क्लबात आणि तिथून थेट युरोपातल्या एका थंड देशात. आणि मी वडिलांच्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात. तो ज्या दिवशी निघाला, त्या दिवशीची माझी चूक मी काही विसरू शकत नाही. टॅक्सी खाली उभी होती. काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, हातावर दही घातलं, तो नमस्कार करून दाराबाहेर पडला, आणि मला चपलांच्या कपाटावर मेतकुटाची बरणी दिसली. मी जोरात ओरडलो, “पाठमोऱ्या, अरे थांब!”

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. “जाणाऱ्याला मागून हाक मारत नाहीत, अविनाश. एवढंही शिकवलं नाही का कुणी?” मग मुलाला म्हणाल्या, “आत ये. घटकाभर बस, पाणी पी आणि पुन्हा नीघ.” मोडलेला मुहूर्त आमच्याकडे असाच सांधतात. पण खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. “आई, विमान घटकाभर थांबत नाही,” असं म्हणून त्याने न वळता हात मागे केला, मी त्यात बरणी ठेवली, आणि तो जिना उतरून गेला.

दोन दिवस काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजी घ्यायला जाताना भेटल्या. रागावलेल्या नव्हत्या. “मारलेली हाक परत घेता येत नाही रे,” एवढंच म्हणाल्या. “ती गेली त्याच्याबरोबर.” मी हसण्यावारी नेलं. शिकलेला माणूस दुसरं काय करणार?

तिकडे त्याचं बस्तान छान बसलं. दोन महिन्यांनी फोन आला. भाषा कळत नाही, अंधार दुपारी तीनलाच पडतो, भात मिळतो पण तो भात नव्हे, असं सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, “अव्या, एक विचारू? हसू नकोस. खेळताना मला तुझा आवाज येतो.”

“आठवण येत असेल.”

“आठवण कानात येत नाही. ‘मागे’ असं स्वच्छ ऐकू येतं. ‘गे’ लांबवून. मी सरकतो, आणि मागे खरंच माणूस असतो.”

मला, खरं सांगतो, बरंच वाटलं. शनिवारी संध्याकाळी साडेसातला त्याचे सामने मोबाइलवर दिसत. मी मोबाइल दुकानाच्या काउंटरला टेकवून ठेवायचो, आणि मागून कुणी धावून आलं की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, “मागे!” पडद्यावरचा पाठमोऱ्या त्याच क्षणी बाजूला सरकायचा. एकदा शनिवार पेठेतले एक निवृत्त मास्तर समोर उभे होते. म्हणाले, “हल्ली ओरडून चालतं का हो सगळं? मग मी उगाच रिमोटचे सेल घ्यायला आलो.” मीही हसलो. तेवढ्यात मोबाइलच्या वरच्या कडेला निकालाच्या अ‍ॅपची एक ओळ झळकली: पाठमोऱ्याच्या संघाचा गोल. पडद्यावर मात्र अजून चेंडू मधल्या रेषेवरच होता. गोल दिसला तो जवळजवळ मिनिटभराने.

प्रक्षेपण उशिरा पोचतं. याच वस्तूंवर पोट भरणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. म्हणजे मी ‘मागे’ म्हणायचो त्याच्या मिनिटभर आधीच तो तिकडे सरकून मोकळा झालेला असायचा. मी ओरडायच्या आधी माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचत होता. मास्तर सेल घेऊन गेले तरी मी तसाच उभा होतो.

हे मी त्याला सांगितलं नाही. तीन वर्षं तो खेळत राहिला, नाव झालं, आणि वरच्या दर्जाचा एक क्लब त्याला न्यायला बघतोय असं कळलं. त्या क्लबाची माणसं ज्या सामन्याला यायची होती, त्या दिवशी मी मोबाइल लावलाच नाही. संध्याकाळी दुकानाला कुलूप घालून सारसबागेपर्यंत चालत गेलो. घरी आलो तेव्हा काकूंचा फोन आला. मागून गडी आला होता. गुडघा गेला होता. दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि त्याचं खेळणं संपलं.

गेल्या वर्षी तो महिनाभरासाठी पुण्यात आला. दुकानात आला, स्टुलावर बसला, पाय लांब करून. इतकी वर्षं मैत्री, पण असा समोरासमोर मी त्याला क्वचितच बघितला असेन. चहा आला. माझ्याने राहवलं नाही. “त्या दिवशी मी मुद्दाम सामना बघितला नाही,” मी म्हणालो. “तुला आवाज आला नसेल.”

“आला की,” तो म्हणाला. “पण ‘मागे’ नाही. तू ‘पुरे’ म्हणालास. इतक्या जवळून, की आयुष्यात पहिल्यांदा मी वळून बघितलं.” कपातला चहा त्याने तसाच ठेवला. “तिकडचे डॉक्टर म्हणतात, हे कानाचं नाही, डोक्याचं आहे. गोळ्या देतात. मी फक्त हे विचारायला आलोय. तू म्हणाला होतास का?”

नाही म्हणणं फार सोपं होतं. पण त्या दिवशी दुपारी, दुकानात कुणी नसताना, मी खरंच मोठ्याने म्हणालो होतो, “आता पुरे.” भीतीने म्हणालो होतो. आणि लपवून काय करू, थोडं असूयेनेही. तो मोठ्या क्लबात जाणार आणि मी इथे रिमोटचे सेल विकणार, हे कुठेतरी सलत होतंच.

“हो,” मी म्हणालो.

मला वाटलं, आता हा उठून जाईल. पण त्याचा सगळा चेहरा सैल झाला. “म्हणजे मी वेडा नाही,” असं म्हणून तो हसला, आणि गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.

तो आता तिकडेच मुलांना शिकवतो. काकू सांगतात, बरा आहे, काठी लागते. तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही. मला फोन करत नाही, मीही करत नाही. दुकानात एकटा असलो की हल्ली मी तोंडातून शब्द काढत नाही. तो तिकडे जिना उतरत असेल.