मागे वळलेली मान

माझी मुलगी मेक्सिकोतल्या एका रॉक गायकाची चाहती. गाजलेला बँड सोडून तो आता एकटा गातो. परवा तिनं त्याचा नवा कार्यक्रम मोबाइलवर दाखवला. "बघ ना बाबा, किती मोकळा झालाय!"

मला शंकाच आली. मोकळा झालेला माणूस सारखा मागे कशाला बघेल? जुन्या बँडमध्ये त्याचा सूर घसरला की ड्रमर डोळे वटारायचा. आताही सूर घसरला, तो सवयीनं वळला, तर नव्या, पगारी ड्रमरनं अदबीनं मान डोलावली. गायक जरा जास्तच हसला. "चुकलास" म्हणणारं मागे कुणी उरलं नव्हतं.

"छान गातो," मी म्हटलं.

"खोटं नको बोलूस, बाबा."

मला केवढं बरं वाटलं!