बाजारच्या दिवसाचं वाचन

काचबिंदूने माझ्या यजमानांची नजर गेली, ती दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. नगर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एकच वाचनालय होतं. ते शाळामास्तर; नजर होती तेव्हा शाळा सुटली की तिथेच जाऊन बसत. मी म्हटलं, पुस्तकं घरी आणून वाचून दाखवीन. ते म्हणाले, "घरी मी आंधळा असतो. तिथे वाचक असतो."

म्हणून मी त्यांना हात धरून नेऊ लागले. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती, तेव्हा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी कुजबुजत वाची. एके दिवशी कचेरीतल्या एका निवृत्त कारकुनांनी वर्तमानपत्र खाली केलं. "हे वाचनालय आहे की यांचं माजघर? चारचौघांत नवराबायको अशी गालाला गाल लावून!"

"रावसाहेब, म्हणजे तुमचंही वाचनात लक्ष नव्हतं," यजमान म्हणाले. सगळे हसले. घरी येताना मात्र ते म्हणाले, "उद्यापासून नको." मग मी घरीच वाचत असे. ते ऐकत होते की नाही, कळत नसे.

शेवटी ग्रंथपालच दारी आले. "मास्तर, बाजारच्या दिवशी या. बाहेर इतका आरडाओरडा असतो की त्या पाटीला कुणी विचारत नाही. खिडकीपाशी बाक टाकतो. बाईंनी खुशाल मोठ्याने वाचावं."

तसंच झालं. खिडकी उघडली की गलका आत येई आणि त्याच्या आडोशाने मी वाची. पान संपलं की ते "हं" म्हणत, मग मी पान उलटी. खिडकीखाली बसणारी कांदेवालीही ऐके. "मास्तर, मागल्या बाजारची ती बोट बुडली का वो?"

"अजून न्हाई. कांदे झाकून ठिव, म्होरं लई पाणी हाय," यजमान तिच्याच बोलीत सांगत.

बोटीचं ते प्रवासवर्णन अर्धंच राहिलं आणि यजमान गेले.

बऱ्याच महिन्यांनी मी वाचनालयात गेले, तीही बाजारच्या दिवशीच. पुस्तक ग्रंथपालांनी वेगळं ठेवलं होतं, आतली खूण तशीच. त्यांनी खिडकी उघडून दिली. मी बाकाच्या एका कडेला बसले. मनातल्या मनात वाचू गेले, तर ओळ पुढे सरकेना. मग मोठ्याने वाचलं. कारकुनांनी मान वर केली नाही.

पान संपलं. त्याचा कोपरा बोटात धरून मी थांबले. बाहेर गलका चालूच होता.