माकडहाडानं जमवलेली सोयरीक

माझ्या भाच्याचं लग्न माझ्या माकडहाडामुळं जमलं.

पन्नाशीला टेकल्यावर मला एकाएकी कुतूहल वाटायला लागलं, की आपण एका दिवसात दोनशे किलोमीटर सायकल चालवू शकतो का? (या वयात बायका गुडघ्यांची चौकशी करतात, मी अंतराची करत बसले!) रोज पहाटे बीडहून निघायचं, नारायणगडापर्यंत जायचं, परत यायचं. पाय तयार झाले, दम वाढला आणि माकडहाडानं संप पुकारला.

डॉक्टर म्हणाले, "सीट पुढून वर उचललंय, सपाट करा. काही आठवडे सायकल बंद. बसताना थोडं पुढं झुका. आणि मऊ सोफ्यावर अजिबात बसू नका."

"मऊ का नको?"

"बूड आत रुततं. सगळा भार नेमका त्याच हाडावर येतो."

(एवढी नैसर्गिक गादी असताना हाडाला लागलंच कसं, हे विचारायचा धीर झाला नाही.)

त्याच आठवड्यात पाटोद्याजवळच्या एका गावी मुलगी पाहायला जायचं ठरलं. मुलगा म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा विशाल. बिचाऱ्यानं जिल्हाभरचे पोहे खाल्ले होते, पण होकार काही पदरात पडला नव्हता. वहिनीनं गाडीतच तंबी दिली, "वन्सं, तिथं सायकलीचं नाव काढू नका. लोक म्हणतील, आत्या अशी, तर घर कसं असंल!"

"न्हाई काढत," मी मागच्या सीटवर पालथी पडून म्हणाले.

मुलीचे वडील अण्णा, गावचे माजी सरपंच. त्यांच्या बैठकीतला सोफा असा, की बसलेला माणूस दिसेनासा व्हावा! सगळे बसले. मी उभी.

"बसा की, आत्याबाई."

"असू द्या. गाडीत बसूनच आले."

अण्णांना वाटलं, सोफा पसंत पडला नाही. गादीची खुर्ची आली. मी उभीच. खुर्चीवर उशी आली. मी दोन पावलं मागं सरकले. उशीवर दुसरी उशी आली, तशी मला भिंतच लागली!

पाहुणी उभी असताना यजमान कसा बसणार? अण्णा उठले. अण्णा उठले म्हणून त्यांचे भाऊ उठले. मग माझा दादा, वहिनी, विशाल. पोह्यांच्या बशा हातात धरून आम्ही सगळे उभे, जणू आता राष्ट्रगीत सुरू होणार!

स्वयंपाकघरातून कुजबुज आली.

"कावून बसंना गं ती?"

"मुलगी पसंत न्हाई वाटतं."

"आगं, मुलगी तर आजून भायेर गेलीबी न्हाई!"

विशाल माझ्या कानाशी आला. "आत्या, पाया पडतो तुझ्या, कुठंबी बस!"

आणि मला वज्रासन आठवलं! भार टाचांवर, माकडहाड मोकळं. मी सरळ अण्णांच्या पुढ्यात सतरंजीवर गुडघे टेकले. पण टेकताना असली कळ निघाली, की हात आपोआप जोडले गेले, डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून निघालं, "आई गं!"

अण्णांची बशी कलली, पोहे पायावर सांडले.

"अवं, हे काय! मुलाकडच्यांनी गुडघे टेकायचे? उठा, उठा! दिली मुलगी!"

"अण्णा, मला तर इचारा आधी!" दारात चहाचा ट्रे घेऊन मुलगी उभी होती. नाव प्राजक्ता. ट्रे ठेवून ती माझ्यासमोर बसली आणि हळूच म्हणाली, "आत्या, तुमाला काय दुखतंय?"

"माकडहाड," मी म्हणाले. "सायकलीनं."

वहिनीनं डोळे मिटून घेतले.

"सायकलीनं? कितीक चालवता?"

"एका दिवसात दोनशे किलोमीटरची तयारी चाललीय."

"लईच! पण कावून?"

"बघावं म्हणलं, जमतंय का."

ती खळखळून हसली. मग प्रश्नांची सरबत्तीच! सीट कसलं, चढाला काय करता, कुत्री मागं लागल्यावर काय करता? इस्त्रीच्या शर्टातला विशाल कोपऱ्यात तसाच उभा. त्याला पाहायला कुणाला वेळच नव्हता! शेवटी ती अण्णांना म्हणाली, "ह्यांच्यात आत्या पन्नाशीत सायकल हाणती. मग लग्नानंतर मला नोकरीला कोण न्हाई म्हणंल?" आणि विशालकडं वळून, "तुमाला येती का सायकल?"

"शिकतो की!" विशाल म्हणाला. (त्याला चौथीपासून येते. घाबरला होता!)

लग्न झालं. सीट सपाट केलं, मागून खाच असलेली उशी घेतली, दुखणं हळूहळू गेलं. पण मांडवात अण्णांचे भाऊबंद एकमेकांना दाखवत होते, "मुलीसाठी हात जोडून गुडघे टेकले, ती आत्या हीच!" खरं कारण सांगायला गेले, तर म्हणाले, "आता लपवू नका, आमी डोळ्यानं पाह्यलंय!"

दोनशे किलोमीटर अजून व्हायचेत. पण शेपूट नसताना शेपूट घालून गुडघे टेकलेली बाई म्हणून साऱ्या पाटोदा तालुक्यात माझं नाव झालंय!