नावेचं पहिलं नाव

जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या आत्माराम गिरवीकरांकडे जुनी नाव विकत घ्यायची म्हणून कुणी सल्ला विचारायला गेलं, की ते आधी विचारत, "पोहता येतं का?" नाही म्हटलं की म्हणत, "मलाही नाही. बसा."

साठच्या दशकात अशी माणसं अधूनमधून येत. बहुतेक स्टुटगार्टला शिकणारी आपली मुलं. फोनवर मोकळी असलेली खोली, दारात जाऊन उभं राहिलं की नुकतीच दुसऱ्याला दिलेली असे. मग कुणीतरी सांगे की नदीकाठी जुने मालवाहू काहन, म्हणजे लांबट लोखंडी नावा, पडून असतात, आणि एक हिंदुस्थानी इंजिनिअर तसल्याच एका नावेत बायकोबरोबर राहतो.

आत्माराम त्यांना सांगत: "ऊन असताना बघायला जाऊ नका, पावसात जा. छप्पर कुठे गळतं ते ती स्वतःच सांगेल. पाण्याबाहेर काढून तळ बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही. विकणारा म्हणेल, गेल्याच वर्षी काढली होती. सगळे तेच म्हणतात. हातोडीनं पत्रा वाजवून बघा. चांगलं लोखंड घंटेसारखं बोलतं, गंजानं खाल्लेलं नासक्या नारळासारखं. आतल्या लाकडावर आडवी रेघ दिसली, तर ती शोभेची समजू नका." मुलगा उठायला लागला की म्हणत, "आणि नावेचं नाव विचारा. आत्ताचं नाही. पहिलं."

मुलांना ती शब्दावरची कोटी वाटे. मुलं हसत. आत्माराम हसत नसत.

आत्माराम फलटणकडचे, कमी पाण्याच्या मुलखातले. मोटारींच्या कारखान्यात नकाशे काढायच्या कामावर ते सत्तावन्न साली लागले. लग्न दोन वर्षांपूर्वीच झालं होतं आणि बायको सासरी होती. तिला आणायची तर घर हवं, आणि घर कुणी देत नव्हतं. शेवटी फिस्टरर नावाच्या दलालानं त्यांना नदीच्या आडबाजूला बांधलेली एक नाव दाखवली. लांबट, लोखंडी, राखाडी रंग दिलेली. इंजिन मेलेलं होतं, पण मागच्या बाजूला दोन खोल्यांचं घर होतं, चूल होती, आणि खिडक्यांना पडद्यांचे दांडेसुद्धा होते.

आत्मारामांनी तळ बघितला, पत्रा वाजवला, खिळे मोजले. नावेच्या पुढच्या टोकाशी पत्र्यावर हात फिरवताना एक खरबरीत पट्टा लागला. त्यांना वाटलं, डागडुजी केलेली असेल. आतल्या लाकडी भिंतींवर, छताच्या वीतभर खाली, चारी बाजूंनी एक तपकिरी रेघ गेली होती. त्यांना वाटलं, व्हार्निशची छटा असेल.

"हिला नाव नाही?" त्यांनी विचारलं.

"होतं. रंगात गेलं," फिस्टरर म्हणाला. "तुम्ही नवं देऊ नका, गिरवीकरसाहेब. नावेचं नाव बदललं की अपशकुन होतो, असं आमचे खलाशी म्हणतात."

आत्माराम हसले. "आमच्याकडे लग्नाच्या दिवशी बायकोचंच नाव बदलतात. कुणी बुडत नाही."

"आल्झो, असं म्हणता," फिस्टरर म्हणाला, "बायकांना विचारलंत वाटतं?"

व्यवहार झाला. खरबरीत पट्टा आत्मारामांनी कानशीनं घासला, त्यावर पांढरा रंग दिला आणि वर निळ्या अक्षरांत लिहिलं: मालिनी. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं हेच नाव त्यांनी लिहिलं होतं. त्यानंतर ते कुणी उच्चारलं नव्हतं. सासरी ती सूनबाई होती, वहिनी होती, काकू होती. आत्माराम स्वतः तिला 'अगं' म्हणत. माहेरी ती सुधा होती, पण माहेरची आई वारली आणि त्या नावानं हाक मारणारं माणूस उरलं नाही. मालिनी हे नाव पासपोर्टावर होतं आणि आता नावेवर.

अठ्ठावन्नच्या वसंतात ती आली. काठावर उभं राहून तिनं ते नाव बराच वेळ वाचलं.

"कसं वाटतं?" आत्मारामांनी विचारलं.

"पाटी लावलीत होय?" ती म्हणाली. "बरं झालं. मी हरवले तर लोक इथे आणून सोडतील."

आत्माराम सकाळी सायकलवरून कारखान्यात जात. ती दिवसभर एकटी असे. नदीला आवाज नव्हता. मालाची मोठी बोट गेली की तिच्या लाटेनं नाव श्वास घेतल्यासारखी उचलली जाई, फडताळातली भांडी एकमेकांना लागत आणि मग पुन्हा काही नाही. काही दिवसांनी तिच्या ध्यानात आलं, की रोज दुपारनंतर एक म्हातारी बांधावरून येते, अक्रोडाच्या झाडाखाली उभी राहते आणि नावेकडे बघून हाक मारते.

"एल्झेऽ!" मग जरा थांबून, खालच्या पट्टीत, "एल्झे."

आणि निघून जाते.

"कुत्र्याला बोलावत असेल," आत्माराम म्हणाले.

"कुत्रा कधी आला नाही हो."

तिच्या आईची एक शिकवण होती: ओळखीचा नसलेला आवाज आला, तर तीन हाका झाल्याशिवाय ओ देऊ नये. मेलेल्याला तिसरी हाक मारता येत नाही. म्हणून म्हातारी दिसत असूनही, तिच्या हातातली छत्री, पायातले चिखलाचे बूट दिसत असूनही, ती गप्प राही. दोन हाका मोजी. तिसरी येत नसे. मग हातातलं काम पुढे चालू करी.

शरदात हवा दमट झाली आणि नावेवरचा पांढरा रंग फुगून आला. निळ्या अक्षरांखालून गंज पाझरू लागला, पण सगळीकडून नाही. रेषांनी पाझरू लागला. आधी एक उभी रेघ, तिला तीन आडव्या. मग पुढचं अक्षर. आत्मारामांनी दोनदा रंग दिला, दोनदा गंज वर आला. ज्याला ते डागडुजी समजले होते, ती लोखंडावर लोखंडानंच उठवलेली अक्षरं होती. कानशीनं त्यांची उंची गेली होती, मुळं राहिली होती. मालिनीच्या आतून एल्झे वर येत होती.

"माझ्या नावाखाली आणखी एक बाई आहे," बायको म्हणाली. मग, "माझ्या नावाखाली होतीच की."

आत्मारामांना ते नीटसं ऐकू आलं नाही, किंवा आलं आणि त्यांनी रंगाच्या डब्याचं झाकण लावलं.

मग तो धुक्याचा दिवस. तिनं लाल लुगडं धुऊन डेकवर वाळत टाकलं होतं, वाळणार नव्हतं तरी. म्हातारी आली. एक हाक मारली. दुसरी मारली. तेवढ्यात वारा आला, लुगडं हललं, आणि त्यामागे कुणीतरी उभं असल्याचं म्हातारीला दिसलं असावं. छत्री तिच्या हातातून पडली आणि तिनं तिसऱ्यांदा हाक मारली. ती हाक पहिल्या दोन हाकांसारखी नव्हती. फार दिवस न उघडलेल्या दारासारखी ती घशात अडकून मग सुटली.

"ओ," लुगड्यामागून उत्तर गेलं.

त्या दिवशी आत्माराम घरी आले तेव्हा चूल गार होती. दुसऱ्या दिवशीही. ती संध्याकाळी येई, कमरेला निळा जुना एप्रन, तोंडात नवे जर्मन शब्द. त्या झाडाखालच्या राप आजींकडे जाते, त्या एकट्या असतात, एवढंच सांगे. आत्मारामांनी 'अगं' म्हटलं तर ती बघत नसे. पहिल्यांदा त्यांना राग आला, मग मस्करी वाटली, मग भीती वाटू लागली. एकदा ती आरशाकडे पाठ करून उभी होती आणि स्वतःशीच म्हणत होती, "जा, मामा. जा." जर्मनमधलं हो. जर्मनमधली आई.

ते नदीच्या लॉकवरच्या माणसाकडे गेले, बोटींसाठी पाण्याचे दरवाजे उघडणाऱ्या झाइट्सकडे. त्यानं पाइप खाली ठेवला.

"तुम्हाला फिस्टररनं सांगितलं नाही? पंचेचाळीसच्या एप्रिलात लष्करानं हुकूम काढला, सगळ्या नावा बुडवा, शत्रूला मिळू देऊ नका. ही नाव त्या म्हातारीच्या नवऱ्याची, रापची; त्यानं स्वतःच्या हातानं तळाची झडप उघडली. त्याची पोरगी एल्झे गादी आणायला परत आत गेली होती, त्याला ठाऊक नव्हतं. आईनं काठावरून दोन हाका मारल्या. उत्तर आलं नाही, तेव्हा तिला वाटलं, पोरगी पुढे पुलाकडे गेली असेल. मग तीही गेली." त्यानं पाइप पुन्हा उचलला. "तिसरी मारली असती तर, असं ती म्हणते. दोन वर्षांनी नाव वर काढली."

आत्मारामांना व्हार्निशची ती रेघ आठवली. छताच्या वीतभर खाली. तेवढ्या वितीत किती वेळ श्वास घेता येतो, असा हिशोब इंजिनिअरच्या डोक्यात आपोआप सुरू झाला. तो त्यांनी थांबवला.

राप आजींचं घर बांधाच्या पलीकडे होतं. खिडकीत दिवा होता. आत दोन बायका बोलत होत्या आणि वाटीवर चमचा वाजत होता. आत्माराम दारात उभे राहिले.

"अगं!"

चमचा वाजतच राहिला.

"मालिनी!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते नाव मोठ्यानं उच्चारलं. त्यांच्याच कानाला ते परक्या बाईचं वाटलं. "मालिनी! मालिनी!"

दार उघडलं. राप आजी होत्या. त्यांनी आत्मारामांकडे दयेनं बघितलं. "इथे मालिनी कुणी नाही, बाळा."

तांदळाचं ताट त्यांना आठवलं. तिनं तेव्हा मान खाली घातली होती. नाव पसंत आहे का, हे विचारायचं असतं असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनाही सुचलं नव्हतं. तांदळात आधी काही लिहिलेलं होतं का, ते कुणी बघत नाही.

"सुधा," ते म्हणाले. हाकही नव्हती ती.

आतला चमचा थांबला.

"ओ."

ती बाहेर आली. एप्रन सोडून तिनं राप आजींच्या हातात दिला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत घेतला. आत्मारामांना म्हणाली, "अहो, किती वेळ लावलात."

त्या आठवड्यात त्यांनी नावेवरचा निळा रंग खरवडून काढला आणि गंजानं दाखवलेल्या रेषांवरूनच काळ्या रंगात एल्झे लिहिलं. घरात ते बायकोला सुधा म्हणू लागले. राप आजी रोज येत, झाडाखालून हाक मारत. पहिल्याच हाकेला सुधा ओ देई, शिडी उतरून जाई, त्यांच्याबरोबर बसे आणि अंधार पडायच्या आत परत येई. आजींना ती कोण आहे हे पुरतं ठाऊक होतं. "तू माझी एल्झे नाहीस," त्या म्हणत. "गेनाऊ, अगदी बरोबर," सुधा म्हणे. "पण ओ द्यायला कुणीतरी हवं."

बासष्टच्या हिवाळ्यात राप आजी वारल्या. सुधानं त्यांना तोच निळा एप्रन घातला.

पुढे आत्मारामांना वरची जागा मिळाली, आणि बाड हॉम्बुर्गला बदलून गेलेला एक सहकारी आपला फ्लॅट त्यांना द्यायला तयार झाला. गरम पाण्याचा, कोरड्या भिंतींचा. आत्मारामांनी नाव विकायची तयारी केली. गिऱ्हाईक आलं, पत्रा वाजवला, पसंत पडली. सुधा नाही म्हणाली.

"का?" आत्मारामांनी विचारलं.

तिनं खिडकीबाहेर बघितलं. अक्रोडाखाली कुणी नव्हतं.

"धुकं असलं की हाक अजून येते," ती म्हणाली. "दोनदा."

"कुणाची?"

"आवाज ओळखीचा नाही. म्हणून मी ओ देत नाही." तिनं पडदा सारखा केला. "पण तिसरी आली, आणि आत कुणी नसलं तर?"

मुलं सल्ला विचारायला येत, ती या नावेतच येत. आत्माराम सांगत, पावसात जा, तळ बघा, पत्रा वाजवा. सुधाबाई चहा आणत. बोलता बोलता कधी मध्येच थांबत, ट्रे तसाच हातात, मान जरा कलती. आत्मारामही मग बोलायचे थांबत. मुलांना वाटे, दूध उतू चाललं असेल.

मग बाई ट्रे खाली ठेवत आणि साखर किती, ते विचारत.