कठड्यावरची शेवटची रांग

आमच्या चर्चमध्ये ते छोटे कप मी आणले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे दोष कुणाचा असा प्रश्न पडायला नको.

मुदखेडचं आमचं चर्च लहान आहे. रेल्वे क्वार्टर्सच्या मागच्या गल्लीत, वर पत्रे, आत डावीकडे बायका आणि उजवीकडे पुरुष. वडील रेल्वेत होते म्हणून आम्ही तिथले. आता मी नांदेडला राहते. एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. नांदेडच्या चर्चमध्ये कीबोर्ड वाजतो, गाण्याचे शब्द पडद्यावर दिसतात, तरुण मुलं भरपूर असतात. तरी रविवारी मी पॅसेंजर पकडते आणि मुदखेडला जाते. तिथे आता कशीबशी चाळीस डोकी उरली आहेत. आमची पोरं पुण्याला आणि हैदराबादला गेली, आणि रविवारी त्यांना उठायला उशीर होतो. मंडळीची सेक्रेटरी मी आहे. लोक म्हणतात, बाई कामाची आहे. खरं तर मला हुकूम सोडायला आवडतं आणि लोकांना त्याची सवय झाली आहे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. वेदीसमोर लाकडी कठडा आहे. त्याच्यापाशी एका वेळी आठ जण गुडघे टेकतात. पाळक आधी भाकरीचा तुकडा हातावर ठेवतात, मग द्राक्षारसाचा प्याला ओठांना लावतात. एकाचं झालं की पांढऱ्या रुमालानं कड पुसायची, प्याला थोडा फिरवायचा आणि पुढच्याला द्यायचा. सगळ्यांना प्याला तोच. द्राक्षारस म्हणजे मनुका भिजवून, उकळून, गाळून काढलेला गोड रस. तो करायची मोठीमाय.

मोठीमाय माझी नात्यानं कुणी नाही. उमरीच्या वाटेवरच्या एका खेड्यात ती राहते, आणि सगळी मंडळी तिला मोठीमाय म्हणते. तिचं माहेर बौद्ध, सासर ख्रिस्ती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. भावाचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे, तो तिला सांभाळतो. दर रविवारी तो तिला मोटारसायकलवरून चर्चला आणून सोडायचा आणि भक्ती संपेपर्यंत बाहेर पेपर वाचत बसायचा. आत ये म्हटलं तर हसायचा. तिच्या मांडीवर रसाची बाटली असायची, फडक्यात घट्ट बांधलेली.

करोनात चर्च बंद झालं. पाळक फोनवरून प्रार्थना घ्यायचे आणि मध्येच रेंज जायची. मंडळीतली पाच माणसं गेली. दोघांना मातीही आम्हाला देता आली नाही. दार पुन्हा उघडलं तेव्हा सगळे एकमेकांपासून हात-दोन हात लांब बसले. त्या कमिटीच्या बैठकीत मी विषय काढला, की आता सगळ्यांच्या तोंडाला तोच प्याला नको. लाळेतून काय काय पसरतं यावर मी अर्धा तास बोलले. माझा तो विषयच होता. औषधाच्या बाटलीच्या झाकणाएवढे प्लास्टिकचे छोटे कप मिळतात, ते ट्रेमध्ये ठेवून जागेवरच देता येतील, असं सुचवलं. कुणीही विरोध केला नाही. आमच्या कमिटीत चटईचा रंग ठरवायला तीन बैठका लागतात, आणि हे पाच मिनिटांत झालं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पाळक तरुण आहेत, नवीनच बदलून आलेले. हे कायमचं की तात्पुरतं, एवढंच त्यांनी विचारलं. मी मिनिटबुकात लिहिलं, पुढील निर्णय होईपर्यंत.

पुढील निर्णय कुणी घेतलाच नाही. मास्क गेले, अंतर गेलं. पीक निघाल्यावर चर्चमध्ये हंगामाचा सण असतो, त्याला आम्ही पुन्हा मांडीला मांडी लावून जेवलो, एकमेकींच्या ताटातलं लोणचं उचललं. कप मात्र राहिले.

पहिल्या रविवारी ट्रे आला तेव्हा मोठीमायनं हात पदराखाली घेतले. मला वाटलं, म्हातारीला कळलं नाही. मी खुणेनं दाखवलं. तिनं मान हलवली आणि ट्रे पुढे गेला. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. आमच्यात कुणी प्रभुभोजन घेतलं नाही तर लोक लगेच कुजबुजतात, की मनात काही पाप असेल, कुणाशी भांडण असेल. मोठीमाय कुणाशी भांडली, यावर बायकांचे तर्क सुरू झाले. गंमत म्हणजे रस अजून तीच आणायची. मनुका निवडायची, उकळायची, फडक्यात बांधून आणायची, आणि तो रस आम्ही चाळीस जण प्यायचो. ती नाही.

मला तिचा राग आला, हे कबूल करते. अडाणी हट्ट वाटला. वर्षभर मी तिच्याशी कामापुरतं बोलले. मग वाटलं, आपणच मोठेपणा घ्यावा. रसाला बाटलीतलं तयार सिरप वापरू या असं कुणीतरी बैठकीत म्हणालं होतं, ते तिच्या कानावर गेलं असेल आणि ती रुसली असेल, असा हिशोब मी मनाशी मांडला. नांदेडच्या बाजारातून चांगल्या काळ्या मनुका घेतल्या आणि चर्चबाहेर तिच्या हातात ठेवल्या. सांगितलं की रस तुझाच राहील, सिरप येऊ देणार नाही. तिनं मनुका घेतल्या, एक तोंडात टाकून पाहिली, गोड आहेत म्हणाली आणि गाडीवर बसली. झालं एवढंच.

शेवटी मी मास्तरांना गाठलं. मोठीमाय आत बायकांशी बोलत होती. मी विचारलं की तिचं नेमकं बिनसलंय तरी काय. त्यांनी पेपरची घडी घातली. सांगावं की नाही असा विचार करत होते.

"ती घरी येकच म्हणती," ते म्हणाले, "पोरीनं कप वायले केले."

वायले म्हणजे वेगळे. आमच्याकडे भावाभावांत वाटण्या झाल्या की चुली वायल्या होतात. मास्तरांनी मग सांगितलं, की तिच्या लहानपणी गावच्या फाट्यावरच्या हॉटेलात बाहेर खुंटीला कपबश्या टांगलेल्या असायच्या. आपल्या लोकांनी त्यातली एक काढायची, चहा वरून ओतून घ्यायचा, पिऊन झालं की धुऊन परत टांगायची. लहानपणी आपणही ती खुंटी पाहिलेली आहे, असं मास्तर म्हणाले. लग्न होऊन ती चर्चमध्ये आली, पहिल्यांदा कठड्याशी गुडघे टेकले, तेव्हा तिच्या शेजारी त्या वेळच्या पाळकीणबाई होत्या. नगरकडच्या, शिकलेल्या, इस्त्रीचं पातळ नेसणाऱ्या. मोठीमायनं प्याला तोंडाला लावला आणि तोच प्याला पाळकीणबाईंनी तिच्यामागून तोंडाला लावला. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही म्हणे. आनंदानं भूक गेली होती.

मी गाडीत बसले आणि मुदखेड ते नांदेड खिडकीबाहेर बघत राहिले. मला मोठीमायच्या खुंटीपेक्षा आमचा कठडा जास्त आठवत होता.

कठड्यावर पुरुषांचं झालं की बायकांच्या रांगा लागायच्या. पहिल्या रांगेत रेल्वेच्या बायका, शेवटच्या रांगेत खेड्यांवरून आलेल्या. असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता आणि कुणी तो बोलूनही दाखवत नसे. पण गाण्याचं शेवटचं कडवं सुरू झालं की आई माझा दंड धरायची आणि आम्ही पुढे सरकायचो. माझं दृढीकरण झालं, म्हणजे मला प्रभुभोजन घेता येऊ लागलं, त्या वर्षी मी एकदा मागे रेंगाळले, तर आईनं असा चिमटा काढला की दंडावर वळ उठला. घरी आल्यावर म्हणाली, आपण लवकर उरकावं, गर्दी होते. आई स्वतः मजुराची लेक. तिच्याही माहेरी विहिरीवर पाणी वरूनच ओतत. वडिलांना रेल्वे लागली, आम्हाला क्वार्टर मिळालं, आणि आईला कुणाच्या तरी पुढे बसता आलं. तिला मी दोष देत नाही. पण तिचा चिमटा मी पुरा ओळखला होता आणि तरी आयुष्यभर पहिल्या रांगेत बसले. लाळेवर अर्धा तास बोलताना माझ्या मनात फक्त जंतूच होते का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आणि पाच मिनिटांत ठराव पास करणारे बाकीचेही तिथेच बसायचे, पहिल्या रांगेत.

पुढच्या बैठकीत मी म्हटलं की जुना प्याला परत सुरू करू. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता सवय झाली, असं एक जण म्हणाले. दुसऱ्या बाईंनी आठवण करून दिली, की ताई, जंतूंचं तुम्हीच सांगितलं होतं. खरं कारण माझ्या ओठांवर आलं होतं, पण ते बोलायचं तर आईचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाच्या आईचं. मी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. मी भित्री नाही असं मला वाटत आलं होतं.

मग या उन्हाळ्यात मोठीमाय अंगणात पडली आणि तिचा खुबा मोडला. तिला आता चर्चला येता येणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं. आजारी माणसाला घरी जाऊन प्रभुभोजन द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. पाळक निघाले तेव्हा मीही त्यांच्याबरोबर गेले. ती नाही म्हणाली तर काय, याची मला भीती वाटत होती. ती तशीच गेली असती तर तिचं प्रभुभोजन मीच तोडलं, एवढं माझ्यापाशी उरणार होतं.

सकाळचे दहा वाजले असतील. खोलीत कूलर चालू होता. मास्तरांनी खुर्च्या मांडल्या आणि स्वतः दाराशी बसले. पाळकांच्या पिशवीत छोट्या कपांचा डबा होता. दुसऱ्या एका कापडात जुना प्याला होता. तो त्यांनी कपाटातून काढून घासून आणलेला, मला न सांगता. त्यांनी दोन्ही खाटेवर ठेवलं आणि विचारलं, "मोठीमाय, कशातून देऊ?"

तिनं प्याल्याकडे बोट केलं.

प्रार्थना झाली, भाकर झाली. पाळक रीतीप्रमाणे आधी स्वतः प्यायले, रुमालानं कड पुसली आणि प्याला पुढे केला. आणि माझा हात गेला. तिच्या आधी. विचार करून नाही, चाळीस वर्षांच्या सवयीनं गेला. मोठीमायनं तो हात पाहिला.

"तुही माय बी असंच करायची," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मला तवाच दिसायचं."

मी हात मागे घेतला. पाळकांना काही कळलं नाही, ते आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिले. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. मी म्हटलं, "मग तू इतकी वर्षं येत कामून राहिलीस?"

"प्याला तर येकच व्हता ना," ती म्हणाली. "पाळकीणबाई बदलून गेल्या. मला वाटायचं, कवा न् कवा कुणीतरी पुन्यांदा मह्या मागून पिईल. तू कप वायले केले, मंग ती बी आस गेली."

तिनं दोन्ही हातांनी प्याला धरला आणि प्यायली. दात नसल्यामुळे थोडा रस हनुवटीवर ओघळला. पाळक सवयीनं रुमाल घेऊन पुढे झाले, तेव्हा तिनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या, पाळकसाब," म्हणाली. मग प्याला माझ्याकडे केला.

कड ओली होती. खरं सांगते, मला किळस आली. लॅबमध्ये मी कशाकशाला हात लावलाय, तिथे कधी आली नाही, आणि इथे आली. मोठीमाय माझ्या तोंडाकडे बघत होती. मी डोळे उघडे ठेवले, तिनं जिथं ओठ लावले होते तिथंच लावले आणि उरलेला सगळा रस प्यायले. घोट घशाखाली उतरेपर्यंत तिनं नजर काढली नाही. मग उशीवर मागे टेकली.

पाळकांनी आशीर्वादाची प्रार्थना सुरू केली. ती संपली तेव्हा मला आमेन म्हणता आलं नाही, मी रडत होते. मोठीमायनं ते दोनदा म्हटलं, एकदा तिचं आणि एकदा माझं.