आठ दिवस कापसाचं नाव नको

तुळशीराम गेल्याची बातमी घेऊन त्याचा पुतण्या अकोल्याहून अमरावतीला माझ्या दारात आला, तेव्हा मी हसलो. माझ्या हसण्यात वावगं काही नव्हतं. तुळशीरामला मी स्वतः आजवर तीन वेळा मारलं होतं. एकदा मेळघाटातल्या वाघाच्या तोंडी दिला, एकदा पूर्णेच्या पुरात बुडवला आणि एकदा चांदूरच्या एका लग्नात एक्क्याऐंशी पुरणपोळ्यांवर ब्याऐंशीवी खायला लावून पंगतीतच संपवला. तिन्ही वेळा ऐकणाऱ्यांनी डोळे पुसले आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी हा गडी पागोटं सावरत बाजारात हजर. त्यामुळे पुतण्याला म्हटलं, "या खेपेला कशानं मेला रे? हत्तीनं तुडवला का?" पोरगा उंबऱ्यावर बसला. म्हणाला, "नानाजी, या खेपेले खरंच हाय." हसण्यासाठी उघडलेलं माझं तोंड तसंच उघडं राहिलं… आणि मी दलाल माणूस, बोलणं हेच माझं भांडवल, पण मला त्याला पाणी विचारायचंही सुचलं नाही.

त्याला आता दीड महिना झाला. जे लिहितो आहे ते तीस वर्षं पोटात ठेवलं होतं. माझ्या पोटात एखादी गोष्ट तीस वर्षं राहिली, हे ओळखीच्या कुणालाही खोटं वाटेल, पण राहिली. तुळशीरामच्या लेकाला विचारूनच लिहितो. तो म्हणाला, "लिवा. बाबानंच सांगून ठेवलं व्हतं का माह्या मांगं नाना बोलल्याबिगर राहनार नाई."

तुळशीराम अकोल्याच्या बाजारातला कापसाचा पारखी आणि मी तेव्हा तिथलाच दलाल. आजच्या वाचकांना हे काम किती नाजूक ते सांगायला हवं. कास्तकार आपल्या शेतातल्या कापसाची गाडी घेऊन येतो, व्यापारी समोर उभा असतो, आणि दोघांच्या मध्ये पारखी. गाडीत हात खुपसून तो कापसाचा एक पुंजका काढतो, दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये धरून ओढतो आणि धागा लांब की आखूड, कापूस यंदाचा की मागच्या सालचा, पाणी मारलंय की नाही, ते सांगतो. तो सांगेल ते दोघांनी मानायचं. तुळशीरामची बोटं अशी, की तो पुंजका ओढून गावाचं नाव सांगायचा. कापूस वेचणारी बाई डावखुरी होती का आणि त्या दिवशी तिचं सासूशी वाजलं होतं का, तेही सांगायचा. (गावाचं खरं आहे. सासूचं मी घातलं.)

ते दिवसही तसेच होते. तिकडे अमेरिकेत लोक एकमेकांवर तोफा डागत होते, तिथला कापूस विलायतेला जात नव्हता आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव चढत होता. आगगाडीचे रूळ पडत होते, रोज नवे व्यापारी उतरत होते. धामणगावाकडच्या एका पाटलाने गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे ज्याने पाहिलं, त्याला पाहिलं. झोपेत माणसं कापसाचा भाव बरळायची. आणि अशा ऐन हंगामात, पौषातल्या एका सकाळी, बाजार गाड्यांनी गच्च भरलेला असताना, तुळशीराम माझ्याजवळ येऊन म्हणाला, "चाल, पातूरले जाऊ. दौलतच्या वावरात हुरडा आलाय. आठ दिस राहू."

"येडा झाला का बे? बाजार कोन पाहीन?"

"कापूस कुठी पयून नाई जात. तू येतो का मी एकटाच जाऊ?"

तो एकटा जाणार हे ऐकलं, तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं. पण मला फक्त हुरडा दिसला.

असे आम्ही चौघे जमलो. मी, तुळशीराम, ज्याचं वावर तो पातूरचा दौलत पाटील, आणि अमरावतीचे विनायकशास्त्री. शास्त्रीबुवा आम्हा दोघांचे जुने स्नेही. सोवळ्याचे इतके पक्के, की माझ्या मते त्यांची सावलीसुद्धा आधी आंघोळ करून मग त्यांच्यामागे चालायची. त्यांनी स्वतःची हंडी आणि स्वतःचे तांदूळ बरोबर घेतले. हुरड्याचा प्रश्न त्यांनी वाटेतच, बैलांच्या दमणीत बसल्या बसल्या सोडवला: "अग्नीत भाजलेल्या कोरड्या धान्याला दोष नाही. मात्र माझा मी चोळून घेईन." दौलत म्हणाला, "घ्या ना बावा, कनसं काई कमी नाई."

दौलतचं वावर लेण्यांच्या डोंगराखाली. बाजूला ओढा, चार आंब्यांची सावली आणि माणसाच्या दीड पट उंच जोंधळा. मी इतरत्र तो हत्ती लपेल एवढा सांगितला आहे. पहिल्या सकाळी तुळशीरामने फर्मान काढलं: आठ दिवस कापसाचं नाव नको. जो काढेल, त्याने विहिरीवरून पाण्याची घागर आणायची. दौलत आणि शास्त्रीबुवांना त्यात अवघड काही नव्हतं. मी पहिल्याच दिवशी अकरा घागरी वाहिल्या. दुपारी आकाशातल्या ढगाकडे बघून "काय पांढराशुभ्र…" एवढंच म्हणालो, तर दौलतने घागर पुढे केली. "वाक्य पुरं कराची गरज नाई, नाना."

काय ते दिवस! सकाळी शेणी पेटवून आगटी करायची, निखाऱ्यांत कणसं खुपसायची, गरम दाणे चोळून फुंकून लसणाच्या चटणीशी आणि गुळाशी खायचे. मग ओढ्यात डुंबायचं. मग आंब्याखाली आडवं व्हायचं आणि उन्हं सरकली की आपणही तेवढंच सरकायचं. दौलत तर एकदा असा झोपला, की चिमणीने त्याच्या मिशीत काड्या आणून ठेवल्या. कुणाला कुठे जायचं नव्हतं. फक्त तुळशीराम रोज दुपारी आम्ही पेंगलो की उठायचा आणि एकटाच डोंगर चढून लेण्यांत जायचा. "देव पाह्यतो," म्हणायचा. ती लेणी मी पाहिलेली. एवढ्या वेळा पाहावं असं तिथे काही नव्हतं.

तिसऱ्या सकाळी ते झालं. मी माझी वाघाची गोष्ट सांगत होतो, तुळशीराम निखाऱ्यांतून कणसं काढत होता. काठीने नव्हे, हाताने. गोष्टीत वाघाने माझी माफी मागितली आणि सगळे खो खो हसले. तुळशीरामही हसला. त्याच्या बोटांत कणसाबरोबर एक निखारा आला होता आणि तो तसाच धरून तो हसत होता. शास्त्रीबुवांच्या नाकाला आधी वास आला. "तुळशीरामजी, हात! हात!" तेव्हा त्याने खाली पाहिलं… दुसऱ्या कुणाचा हात आपल्या मांडीवर पडलेला दिसावा, तसं पाहिलं. मग निखारा टाकला. अंगठा आणि दोन बोटं चांगलीच पोळली होती.

दौलत म्हणाला, "वा रे मर्दा! हू का चू नाई!" आणि मी? माझ्या डोक्यात गोष्ट तयार सुद्धा झाली होती. शास्त्रीबुवा मात्र उठले. त्यांनी कोरफड आणून तोडली, गर लावला, आपल्या उपरण्याची चिंधी बांधली. दुसऱ्या सकाळी तुळशीराम पट्टी बांधलेल्या हाताने कणीस दाबून धरून डाव्या तळव्याने दाणे मोकळे करत होता. शास्त्रीबुवा आपली जागा सोडून उठले, त्याच्यासमोर येऊन बसले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली.

"आज तुमच्या हातचा द्या."

तुळशीराम त्यांच्याकडे बघतच राहिला. "माह्या हातचा, बुवा?"

"हो. गरम आहे तोवर."

आम्हाला वाटलं, शास्त्रीबुवांना डोंगरची हवा मानवली.

अकोल्याला परतलो आणि मी सुटलो. चौकात, कट्ट्यावर, गाड्यांच्या मधल्या वाटेत सांगत फिरलो, की तुळशीरामने निखारा बेसनाच्या लाडवासारखा उचलला, वर फुंकर मारून मला विचारलं, खातो का? बाजार हसला. आठवड्यात गोष्ट इतकी वाढली, की तो आगटीत मांडी घालून बसला होता, असं मलाच लोक सांगू लागले. एके सकाळी एक परगावचा खरेदीदार ऐकत उभा होता. तो हसला नाही. शांतपणे म्हणाला, "निखारा ज्याला समजत नाही, त्याला कापूस काय समजत असेल?"

एवढंच. पण हसणं जिथल्या तिथे थांबलं. मागून कुणीतरी आणखी खालच्या आवाजात बोललं, "अंगाले चटका कयत नाई म्हंजे… कोनता रोग असतो तो, मालूम हाय ना?" आणि सगळ्यांना तो मालूम होता, हातापायांची बोटं झडवणारा. त्या रोगाचं नाव ज्याला चिकटलं, त्याचा बाजार तर सुटायचाच, पण घरच्या लोकांनी त्याचं ताटही वेगळं केलेलं मी पाहिलं आहे. हे पाहिलेलं खरं आहे.

मी तसाच तुळशीरामच्या घरी गेलो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"दसऱ्याच्या तापापासून अंगठा अन् दोन बोटं मेले, नाना," तो म्हणाला. "वैद्य म्हनते, नस धरली, तो रोग नव्हं. पन लोक काय वैद्याले इचारून बोलते का? तीन महिने नजरेवर काम रेटून राहिलो. पुंजका फाडताना कानानं आवाज आयकतो. पातूरले त्याच्याचसाठी गेलतो. पागोट्यात कापूस नेला व्हता."

लेण्यांत तो देव बघत नव्हता. आम्ही घोरत असताना हा माणूस दगडावर बसून पागोट्यातून पुंजके काढायचा आणि अंगावर कुठे कापूस कळतो ते शोधायचा. मनगटावर ओढून पाहिला, गालावर पाहिला, पापणीवर पाहिला. सहाव्या दिवशी खालच्या ओठावर ओढला… आणि धागा न् धागा मोजता आला. "बोटापरिस चांगलं कयते, नाना. देवाच्यान! पन भर बाजारात ओठाले कापूस लावला, का लोक इचारतीन, काहून? बोटाले काय झालं? त्याचं उत्तर माह्यापाशी नाई."

"माझ्यापाशी आहे," मी म्हणालो. आयुष्यभर मी गंमत म्हणून खोटं बोललो. त्या दिवशी पहिल्यांदा कामाला बसलो.

दुसऱ्या सकाळी खरेदीदाराने पाच गाड्यांतला कापूस पाच ठिकाणी मांडला आणि परीक्षा लावली. बाजार गोळा झाला. अमरावतीहून शास्त्रीबुवाही नेमके आले होते, माझ्या कानाजवळ येऊन एवढंच म्हणाले, "नाना, ती सांगायची गोष्ट नव्हती." मी एका रिकाम्या गाडीवर चढलो आणि सुरू केलं: बोटांनी कापूस बघणं हे शिकाऊ माणसाचं काम, दिल्लीच्या बादशहाचे पारखी कापूस बोटाला शिवू देत नसत, ते ओठावर बघत, ही विद्या सात घराण्यांत होती, सहा बुडाली, आणि सातव्यातल्या म्हाताऱ्याने पातूरच्या लेण्यांत आठ दिवस बसवून ती कुणाला दिली असेल? "निखारा हातात धरवला तो कशाला? बोटांचा मोह सुटावा म्हणून!" मी ओरडलो. खोटं एवढं मोठं केलं, की आतलं खरं कुणाला दिसू नये. लोक शास्त्रीबुवांकडे बघू लागले. जन्मभर खोटं न बोललेला तो माणूस… त्याने क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाला, "मी पातूरला होतो. त्यांच्या हातचा हुरडा मी खाल्ला आहे." दोन्ही वाक्यं खरी होती. बाजाराला तेवढं पुरलं. ज्याच्या हातचं शास्त्रीबुवा खातात, त्याच्या हाताला रोग कसला?

तुळशीरामने पुंजका ओठावर ओढला. मी हे सांगतो तेव्हा पाचही बरोबर सांगतो. आज खरं लिहितो: चार बरोबर आले, पाचवा चुकला. यंदाचाच कापूस होता, त्याने मागच्या सालचा मिसळलाय म्हणून सांगितलं. आपला कापूस काय आहे हे ज्याला पुरतं माहीत होतं, त्या कास्तकाराने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "तुयशीरामजी म्हनते त असन. माह्या बायकोनं मिसयला असन." त्या एका माणसाच्या भरवशावर परीक्षा पार पडली. तिकडे त्याची बायको फुकट शिव्या खाणार, हे तुळशीरामला झेपलं नाही. पहाटे उठून तो त्याच्या गावी गेला आणि दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, चूक माही व्हती." कास्तकाराने त्याला आत ओढलं. "चूप बसा न जी! बसा, भाकर खा." त्याने ती डाव्या हाताने खाल्ली. कास्तकाराच्या बायकोने भाजीची वाटी त्याच्या डाव्या बाजूला सरकवली.

पुढची तीस वर्षं त्याने ओठावर कापूस पारखला. शास्त्रीबुवा गेले, दौलत गेला. तुळशीरामने मला कधी दोष दिला नाही आणि कधी आभारही मानले नाहीत. मी तिसऱ्यांदा मारल्यावर तेवढं म्हणाला, "मले मारत जाय लेका, पन निखाऱ्यानं मारू नको."

परवा मी इथल्या अमरावतीच्या बाजारात गेलो होतो. एक तरुण पारखी, दोन्ही हात धडधाकट, गाडीतून पुंजका काढून ओठावर ओढत होता. शेजारचा दुसराही तेच. मी विचारलं, "काहून बे, बोटं नाईत का?" तो माझ्या अडाणीपणाला हसला. "काकाजी, बोटानं शिकाऊ पाह्यते. ही बादशाही रीत हाय." मी आणखी दोन घराणी वाढवून सांगू शकलो असतो. तोंड उघडलंही. मग मी एक पुंजका उचलला आणि आपल्या ओठावर ओढला. मला कापसातलं कधीच काही कळलं नाही, त्या दिवशीही कळलं नाही. एक धागा मिशीत अडकला. तो मी घरी पोचेपर्यंत काढला नाही.