बसच्या खिडकीतलं कोपर

कन्नडच्या स्टँडवर औरंगाबादची बस लागली, तेव्हा मी सामान दोनदा मोजलं. ट्रंक, वळकटी, मायने दिलेला भाकरीचा डबा, दाखल्यांची पिशवी. सगळं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, सामानाकडे बघतही नव्हते. गळ्यात कॅमेरा अडकवून ते ऊन कुठून येतंय ते पाहत होते.

"शाले, इकडच्या खिडकीपाशी बस. तिकडं उन्हाची तिरीप येती."

मी जागा बदलली. माय खालून सांगत होती, "पोचल्यावर मावशीच्या शेजारच्यांकडून फोन कर. विसरू नको." अण्णा म्हणाले, "हालू नको." मी हलले नाही. बस हलली.

पुढे रोल धुऊन आला तेव्हा त्या फोटोत एस.टी.चा पत्रा, खिडकीची दांडी आणि दांडीवर टेकलेलं माझं कोपर एवढंच होतं. दुसऱ्या कुणी तो फोटो टाकून दिला असता. अण्णांनी त्याच्या मागे 'शालू औरंगाबादला जाताना' असं लिहिलं आणि अल्बममध्ये लावला. पाहुणे विचारायचे, यात शालू कुठाय? माय कोपरावर बोट ठेवायची.

आता त्याच स्टँडवर बसच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर लिहिलेलं असतं. मी पडेगावला राहते, आणि लग्नाचे फोटो काढणं हा माझा व्यवसाय आहे. हे लिहायला बसले ते तुम्हा कन्नडला राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखं सामान मोजून निघालेल्यांसाठीही. कारण मागच्या उन्हाळ्यात घरात जे घडलं ते फोनवर सांगून झालं, पण नीट क्रमाने सांगायचं राहिलं.

क्रमाने म्हणजे अण्णांपासून. अण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाच्या गाड्यांची रांग लागली की ते डबीतून चष्मा काढायचे, आणि रांग ओसरली की पिशवीतून कॅमेरा. साधा डबा कॅमेरा. एका रोलमध्ये बारा फोटो बसायचे, त्यामुळे अण्णा एकेका फोटोचा विचार चार-चार दिवस करायचे. बैलांची शिंगं, पाचटाच्या ढिगावर झोपलेलं मूल, पोळ्याच्या दिवशी आरसा धरून बैलाला त्याचंच तोंड दाखवणारा सालदार. लोक म्हणायचे, अण्णा, दुकान टाका, कन्नडात एकच स्टुडिओ आहे. अण्णांचं उत्तर ठरलेलं होतं.

"पैसं घेतलं की त्याला पायजे तसा काढावा लागतो. मला दिसतो तसा काढू द्या."

माय चुलीपाशी बसून म्हणायची, "व्हय, अन् रोलचे पैसे मला दिसतात तसे जातात."

अण्णांचा हा शौक माझ्यात उतरला आणि मायचा हिशेबीपणाही. दोन्ही घेऊन मी शहरात आले. सकाळी कॉमर्स कॉलेज, दुपारी गुलमंडीजवळच्या एका कलर लॅबमध्ये काम. ओले फोटो मशीनमधून बाहेर यायचे, ते तपासून पाकिटात भरायचे. सगळ्या शहराची लग्नं, बारशी, सहली माझ्या हाताखालून जायच्या. लॅबचे मालक चाचा उमदे गृहस्थ होते. मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नात मी काढलेला रोल त्यांनी स्वतः धुतला आणि टेबलावर एकेक फोटो पत्त्यांसारखा मांडला. बँडवाल्याचे फुगलेले गाल. बुंदीच्या कढईमागचा आचारी. मांडवाच्या खांबाला लटकलेली पोरं.

"वाह," चाचा म्हणाले. "बँडवाला अच्छा है. कढई अच्छी है. बच्चे तो बहुतीच अच्छे हैं. दुल्हन का मामू कां है, बेटा?"

मामा एकाही फोटोत नव्हता.

"शौक का फोटो अपने वास्ते रहता. शादी का फोटो मामू के वास्ते रहता," चाचांनी समजावलं. "मामू नाराज हुआ तो अल्बम कोई नहीं खोलता."

त्या संध्याकाळी मी पहिली यादी केली. नवरीला मांडवात आणणारा मामा, अंतरपाट, कानपिळी, सप्तपदी, विहिणींच्या भेटी. आजही कॅमेऱ्याच्या बॅगेत तीच यादी असते, फक्त लांब झाली आहे.

मला धंद्यात आणलं तेही चाचांनीच. जुन्या शहरातल्या लग्नांत बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर जात नसे. दुसरं कुणी नसल्यामुळे नवरीच्या मैत्रिणी, आज्या, खाला-फुफ्या म्हणजे मावश्या-आत्या, कुणाचेच फोटो नसायचे. चाचा म्हणाले, "लेडीज साइड को जाने वाली कोईच नहीं. तू जा." मी गेले. दार आतून बंद झालं आणि ओढण्या, बुरखे खुंटीला लागले. ढोलक सुरू झाली. आमच्या कन्नडच्या हळदीत जशा बायका एकमेकींच्या नावाने टोमणे मारत गातात, तशाच इथेही गात होत्या, फक्त भाषा वेगळी. त्यातल्या एका आजीने मला विचारलं, "फोटो बाहर तो नहीं जाते ना, बेटी?" मी सांगितलं, रोल मी स्वतः धुते, फोटो मी स्वतः पाकिटात घालते आणि निगेटिव्ह तुमच्या हातात देते. त्यांनी माझ्या तोंडात मिठाई कोंबली आणि पुढच्या तीन लग्नांची नावं सांगितली. निगेटिव्ह परत देणारी बाई म्हणून माझं नाव झालं.

मग तेच आयुष्य झालं. लग्नसराईत पाय जमिनीला लागत नाहीत. लग्न करून पडेगावला आले, नवरा पाचोडचा, वाळूजच्या कंपनीत. दोन मुलं झाली, रोल गेले, मेमरी कार्डं आली. आता अल्बमच्या आधी मोबाइलवर रील मागतात, वर ड्रोन फिरतो. मला हे सगळं आवडतं, खोटं कशाला बोलू. चांगलं जमलेलं लग्न अल्बममध्ये पुन्हा उभं राहतं तेव्हा जो आनंद होतो, तो अण्णांच्या बैलांच्या शिंगांपेक्षा कमी नाही. एवढंच झालं की सुट्टीच्या दिवशी दौलताबादच्या वाटेवर कॅमेरा घेऊन भटकायचे, ते बंद पडलं. रविवारी कॅमेरा चार्जिंगला असतो.

कन्नडचं घरही मीच टिपत राहिले. धाकटा भाऊ बाळू, त्याचं लग्न. अण्णांच्या निवृत्तीचा कार्यक्रम. भाचीचं, पूनमचं, बारसं. दरवेळी मी बसने उतरायचे, बॅग उघडायचे आणि कामाला लागायचे. घरचं काम म्हणून यादी आणखी कडक.

त्याच पूनमचं लग्न ठरलं. बाळूचा फोन येण्याआधीच माझं सगळं तयार होतं: कोणता कॅमेरा, कोणती लेन्स, हळदीला पिवळा प्रकाश किती, अल्बमचं कव्हर. तेवढ्यात भावजयीच्या तोंडून निघून गेलं की फोटोवाला ठरला आहे. चाळीसगाव रोडचा कुणी.

मी लगेच बाळूला फोन लावला.

"फोटो कोण काढणारे?"

"हाय एकजण. चांगला हाय."

"अन् मी काय मेले का?"

"ताई, तू आत्या हायेस."

"आत्याला हात नसतात का?"

"तू ये तर आधी. चार दिवस आधी ये."

फोन ठेवला. नवरा म्हणाला, "बरं झालं की, फुकटचं काम वाचलं." मला हसू आलं नाही. अख्ख्या शहराने आपल्या लेकीबाळी माझ्या कॅमेऱ्यापुढे बसवल्या आणि माझ्याच घराने दुसरा माणूस बोलावला. याचा अर्थ मी दोन प्रकारे लावून पाहिला. एक, माझं काम त्यांना जुनं वाटतं. दोन, मी त्यांना आता बाहेरची वाटते. पहिला अर्थ मला चालला असता, नवं शिकता येतं. दुसऱ्याने जेवण गेलं नाही.

तरी चार दिवस आधी गेले. कॅमेरा घरी ठेवून गेले, मुद्दाम. बसमध्ये मांडी फार हलकी वाटत होती.

हळदीच्या आदल्या दुपारी पूनमने मला ओढत माडीवर नेलं. लॅपटॉपवर तिने घरातल्या सगळ्या जुन्या फोटोंचा व्हिडिओ केला होता, मांडवात पडद्यावर दाखवायला. अण्णा तरुण, माय तरुण, बाळू नागडा, बाळू नवरदेव. भावजयीची पाचवारी. मी मनातल्या मनात कोणता माझा, कोणता अण्णांचा हे ओळखत होते.

"आत्या, आता सांग," पूनम म्हणाली. "यात तू कुठं हायेस?"

मी पुन्हा पाहिलं. बाळूच्या लग्नात मी नव्हते. निवृत्तीच्या कार्यक्रमात नव्हते. बारशाचा फोटो आला. पाळणा, माय, चार आत्या-मावश्या, आणि मधे रिकामी जागा. पूनमच्या कानात नाव मी सांगितलं होतं. त्यावर सगळ्या बायकांनी माझ्या पाठीत सणसणीत धपाटे घातले होते, आणि पाठ चोळत मी तशीच कॅमेऱ्यामागे गेले होते. धपाट्यांचा पुरावा कुठेच नाही.

"मी सगळं कपाट उपसलं," पूनम म्हणाली. "लग्न होऊन गेल्यापासूनचा तुझा एकही फोटो घरात नाही. त्याच्या आधीचा हा सापडला." आणि पडद्यावर एस.टी.चा पत्रा, खिडकीची दांडी आणि माझं कोपर आलं.

बाळू जिन्यात उभा होता. कधी आला कोण जाणे.

"तुझं काम वाईट म्हणून नाय, ताई," तो म्हणाला. "तू कामच करीत राहतीस म्हणून. पोरगी म्हणली, माझ्या लग्नात आत्या पायजे. फोटोग्राफर कुणीबी मिळंल."

मी म्हटलं, "हे फोनवर सांगता येत नव्हतं?"

"फोनवर तू ऐकतीस व्हय? यादी वाचून दाखवली असतीस."

ते खरं होतं. मी डोळे पुसले आणि हळदीचे पाट मोजायला खाली गेले. दोन कमी होते.

लग्नात मी नऊवारी नेसले. नेसून स्वस्थ बसले असं मात्र कुणी समजू नये. फोटोवाला तरुण, गुणी, पण फ्लॅश सरळ तोंडावर मारत होता. मी त्याला म्हटलं, "छताकडे मार." थोड्या वेळाने म्हटलं, "मामांना घेतलंस का?" अंतरपाटाच्या वेळी मी इतकी पुढे सरकले की तो कळवळला.

"मावशी, जरा मागं सरका ना. फ्रेममध्ये येताय."

बाळू अक्षता टाकता टाकता ओरडला, "तिला फ्रेममध्येच ठेव. त्याच्यासाठीच तुला आणलाय."

मांडव हसला. मी पण हसले, आणि तो हसण्याचा फोटो आता कन्नडच्या बैठकीत आहे. मला माझे दात मोठे दिसतात, पण तक्रार करायची सोय नाही.

पाठवणीच्या आधी अण्णा खोलीतून बाहेर आले. गळ्यात तोच डबा कॅमेरा. त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना एक रोल आणून दिला होता, शोधून शोधून. तो त्यांनी जपून ठेवला होता. वय झालंय, हात थरथरतो, पण त्यांनी आधी वर पाहिलं, ऊन कुठून येतंय ते. मग सगळ्यांना ओट्यावर उभं केलं. माय, बाळू, भावजय, नवरी, नवरदेव, माझा नवरा, मुलं. मला मायच्या शेजारी, टोकाला.

ऊन आमच्या पाठीमागून येत होतं. तोंडं काळी येणार हे मला दिसत होतं. आठ लोकांना दुसऱ्या भिंतीशी हलवायचं काम माझ्यासाठी एका मिनिटाचं. अण्णा डोळा बारीक करून कॅमेऱ्यात बघत होते, त्यांना काहीतरी दिसलं होतं, आणि तोंडावरचं हसू लपत नव्हतं. मी ओठ मिटून घेतले.

"शाले, हालू नको," अण्णा म्हणाले.

ह्या वेळी काहीच हललं नाही.

तो रोल मी कुठल्या लॅबला दिला नाही. एका रविवारी पडेगावच्या घरात मोरीची खिडकी घोंगडीने बंद केली आणि स्वतः धुतला. चाचांनी शिकवलेलं हाताला आठवत होतं. नवऱ्याने बाहेरून विचारलं, "कुणाचं काम आहे?" मी म्हटलं, "कुणाचंच नाही." त्या रविवारपासून मी पुन्हा दौलताबादच्या वाटेवर जाते. सोबत अण्णांचा डबा कॅमेरा असतो. पूनमच्या पाठवणीनंतर त्यांनीच तो माझ्या बॅगेत घातला. एका दगडावर बसून चार-चार आठवडे एका शेळीचा विचार करते. सोमवारी पुन्हा मामा, अंतरपाट, कानपिळी.

आता कुणी विचारलं, तुमचं घर कुठलं, तर पत्ता पडेगावचाच देते, कुरियरवाल्याला तोच लागतो. पण मला विचाराल तर घर म्हणजे अशी जागा, जिथे कॅमेरा दुसऱ्याच्या हातात असतो आणि आपल्याला फक्त उभं राहायचं असतं. तशी जागा कन्नडला होतीच. तिथे मी उभी राहिले नव्हते.

अण्णांचा फोटो छान आलाय. तोंडं काळी आहेत, कडेने मात्र सगळ्यांच्या केसांना उजेड लागलाय, मायच्या पांढऱ्या केसांना सगळ्यात जास्त. कॅमेरा जरासा कलला, त्यामुळे ओटा उताराला लागल्यासारखा दिसतो आणि आमची रांग एका बाजूला ओढली गेली आहे. मी टोकाला होते, ती थेट फोटोच्या कडेला आले आहे. पण आहे. चेहरा, नऊवारी, दात, सगळं आहे. फक्त कोपर तेवढं बाहेर राहिलंय.

त्याची एक प्रत कन्नडला पाठवली. मायने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावलेत. पाहुणे आले की सांगते, आता शालू पूर्ण झाली.